साडेसात वांव

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आधी वीस लिहिणार होते, पण मोजून पाहिली तर एकोणीसच भरली. तुम्ही असतात तर या एका वर्षाबद्दल मला काहीतरी ऐकवलं असतंत. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच गोष्टी मी विसरले आहे, पण प्रयोगशाळा मात्र जशीच्या तशी आठवते. समुद्राकडच्या खिडक्या, खाऱ्या हवेने गंजणारे व्हर्नियर कॅलिपर आणि दर सोमवारी त्यांना खोबरेल लावत बसलेले तुम्ही. प्रत्येक कॅलिपरला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी असे, आणि तो बंद केल्यावर शून्याऐवजी कुठे थांबतो ते तिच्यावर लिहिलेलं असे. तुम्ही घाटावरचे, आम्ही सगळी मालवण तालुक्यातली मुलं. पहिल्याच तासाला तुम्ही आम्हाला बाक वितीने मोजायला लावलात आणि फळ्यावर आकडे मांडलेत. सगळ्यांत उंच मुलाचे नऊ आले, माझे बारा. मग तुम्ही विचारलंत, "नऊ काय? नुसते नऊ म्हणजे काय, बांगडे?" मागून कोणीतरी म्हणालं, "बांगडेच सर, सुरमय खंयची परवडता!" तुम्ही हसलात, पण तास संपल्यावरसुद्धा फळा पुसू दिला नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हाही आकडे तिथेच होते, आणि प्रत्येकापुढे ज्याचा हात त्याचं नाव तुम्ही लिहून ठेवलं होतं.

तुम्ही मला एकदाच रागावलात. लंबकाचा प्रयोग होता. वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते सहा वेळा मोजायचं होतं. मी दोनदा मोजलं आणि पुस्तकातलं उत्तर ठाऊक असल्यामुळे उरलेले चार आकडे घरी बसून भरले. तुम्ही जर्नल उघडून बराच वेळ बघत राहता. मी समोर उभी आहे, तुम्ही शाबासकी देणार असं मला वाटतं आहे. मग तुम्ही अगदी हळू आवाजात विचारता, "सहाही वेळा तुझा अंगठा स्टॉपवॉचवर त्याच क्षणी पडला? हे तुझं आहे की पुस्तकाचं?" मला रडू आलं. तुम्ही समजूत काढली नाहीत, लंबक पुन्हा टांगून दिलात आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिलात. त्या दिवशी गुरुत्वत्वरणाचं माझं उत्तर नऊ पूर्णांक चार आलं, किंवा पाच असेल. ते जर्नल आता माझ्याकडे नाही, म्हणून नक्की सांगत नाही. त्याच्याखाली तुम्ही लाल शाईने "हे बरं" असं लिहिलं होतंत. चुकीचे चार आकडे मी रबराने खोडायला घेतले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, असं सांगितलंत.

हे सगळं इतकं स्पष्ट आठवत असूनही यंदा माझ्या हातून जे झालं ते तुम्हाला लिहावंसं वाटलं. आमचं सासर खाडीपासून मैलभर आत आहे. जांभा दगडाने बांधलेली एक विहीर दोन घरांत सामायिक आहे, आमच्या आणि थोरल्या दिरांच्या. माझे सासरे तरुणपणी मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते. ते दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सकाळी या विहिरीचं पाणी मोजायचे. काथ्याच्या दोरीला शिशाचं वजन बांधून ते काठावरून खाली सोडायचे, आणि वजन पाण्याला टेकलं की दोरी चिमटीत धरून वर ओढायचे. दोरीला वांवावांवाला गाठ असे. वांव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर या टोकाच्या बोटांपासून त्या टोकाच्या बोटांपर्यंतची लांबी. समुद्राची खोली ते आयुष्यभर अशीच मोजत आले, मग विहिरीची तरी वेगळी कशाला मोजतील? मी लग्न होऊन आले, बी.एस्सी. झालेली आणि रोज डायरी लिहिणारी, तेव्हा त्यांनी नोंदीची वही माझ्या हातात दिली. ते बोलायचे आणि मी लिहायचे. कितीतरी वर्षं आकडा साडेसहा वांवांच्या आसपास राहिला. कधी पाव वांव वर, कधी पाव वांव खाली.

तीन वर्षांपूर्वी सासरे गेले. ती दोरीही मध्ये कुजली होती. मी नवी नायलॉनची दोरी आणली, अंगणात उभी राहून हात पसरले आणि सासऱ्यांसारख्याच गाठी मारत गेले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, त्यांचं काम पुढे चालू ठेवल्यासारखं. त्याच वर्षी दिरांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आणि विहिरीला मोटर बसवली. सकाळी सहाला तिचा आवाज माझ्या डोक्यात घुमायचा. पुढच्या अक्षय्य तृतीयेला मी पाणी मोजलं तर साडेसात वांव भरले. म्हणजे पाणी पुरा एक वांव खाली गेलेलं. मी वही घेऊन सरळ त्यांच्या ओटीवर गेले आणि वीस वर्षांचे आकडे वाचून दाखवले. मोटरने विहीर उपसली जाते आहे, असंच चाललं तर दोन्ही घरांना पाणी उरणार नाही, असं बोलले. माझ्या हातात वही होती आणि त्यांच्याकडे नुसते शब्द. शेवटी मोटर बंद राहिली, पाहुण्यांना बादलीने पाणी, आणि ऐन उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या. पुढच्या वर्षी मी पुन्हा मोजलं, पुन्हा साडेसात. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मला वाईट वाटायचं, पण आपण खरं तेच सांगितलं असंही वाटायचं. एक माणूस खरं सांगून वाईट होतो, असा काहीतरी मोठा विचार त्या सुमारास डायरीत लिहिलेला आहे. आता तो वाचवत नाही.

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला विहिरींच्या पाण्याची नोंद घेत फिरणारे एक गृहस्थ गावात आले. त्यांच्याकडे पोलादी टेप होता. आमच्या विहिरीचं पाणी त्यांनी काठापासून अकरा मीटर चाळीस सेंटिमीटरवर मोजलं आणि सहज विचारलं की जुनी नोंद वगैरे आहे का. मी वही आणून दिली, केवढ्या अभिमानाने ते सांगत नाही. त्यांनी पानं चाळली, मान डोलावली. मग म्हणाले, "छानच आहे. फक्त एक वांव म्हणजे किती मीटर धरायचं, ताई?"

"एवढं," असं म्हणून मी हात पसरले.

आणि हात पसरलेले असतानाच मला कळलं, सर. त्या गृहस्थांना काही कळलं नाही. ते पेन धरून माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी हात खाली घेतले आणि मोजून कळवते म्हणाले. ते गेल्यावर खोपीत गेले. सासऱ्यांची दोरी टाकवली नव्हती, दोन तुकडे खुंटीला तसेच टांगलेले होते. दोन गाठींमधलं अंतर एक मीटर पंचाहत्तर भरलं. माझ्या दोरीवरचं एक मीटर बावन्न. काथ्या जुना होऊन आखडला किंवा ताणला असेल म्हणून मी पाच ठिकाणी मोजून पाहिलं, दोन-तीन सेंटिमीटरचाच फरक पडला. मग अंगणाच्या पायरीवर बसून गुणाकार केले. सासऱ्यांचे साडेसहा म्हणजे अकरा मीटर साडेसदतीस सेंटिमीटर. माझे साडेसात म्हणजे अकरा मीटर चाळीस. पाणी होतं तिथेच होतं.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वितीने का मोजू नये यावर मी परीक्षेत दोन गुणांचं उत्तर लिहिलेलं आहे. मग दिसलं कसं नाही? बरेच दिवस विचार केल्यावर जे सापडलं ते लिहिते. पाणी एक वांव वर आलेलं दिसलं असतं, तर मी नक्की थबकले असते. दोरी तपासली असती, तिसऱ्यांदा मोजलं असतं. पण मोटरचा आवाज मला नकोसा होता आणि आकडा माझ्या बाजूने आला. जर्नलमध्ये चार आकडे घरी बसून भरणारी मुलगी निदान जाणूनबुजून लबाडी करत होती. या वेळी मी प्रामाणिकपणे मोजत होते, आणि तरी उत्तर मला हवं होतं तेच आलं म्हणून पुन्हा बघितलं नाही.

मग एका दुपारी दोन्ही दोऱ्या आणि शाळेच्या कार्यालयातून मागून आणलेला टेप घेऊन मी वहिनींकडे गेले. मी गावातल्या शाळेत कारकून आहे, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. वहिनी मागच्या दारी कोकमासाठी रातांबे फोडत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. मान वर न करताच म्हणाल्या, "वाट चुकलंस काय गो?"

"वयनी, माझा चुकला. पाणी खाली गेल्लाच नाय."

मी दोऱ्या अंगणात शेजारी शेजारी पसरल्या. गाठ आणि गाठ दाखवली. वहिनी दोऱ्यांकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा दोऱ्यांकडे. भावजी, म्हणजे थोरले दीर, ओटीवरून उतरून आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"म्हणजे दोन वर्सां माझे पावणे बादलीन न्हातत, तां हिच्या आखूड हातांपायी?"

"आखूड आसत तां बरा," वहिनी म्हणाल्या. "लांब असते तर पाणी वर इला म्हणान सांगलं असतंस, आणि ह्येंनी आणखी दोन खोल्यो बांधल्यो असत्यो!" आणि त्या हसायलाच लागल्या, लाल हात अंगाला लागू नयेत म्हणून बाजूला धरून. भावजींनी टेप माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला. "ह्यो टेप तरी कोणाच्या हाताचो?" असं विचारून घेतलं. मग आम्ही तिघं विहिरीवर गेलो. वजन टेपला बांधून भावजींनी सोडलं आणि आकडा वहिनींनी वाचला. अकरा मीटर बेचाळीस.

परत येताना वहिनी थांबल्या. आता हसत नव्हत्या. "गेल्या मे म्हयन्यात चार माणसां मी दारावरसून परत धाडलंय. म्हातारी होती त्यांच्यात. तां तुज्या वहीत आसा काय?"

नव्हतं. घरी आल्यावर लिहिलं. माझ्या दोन्ही आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली, बाजूला मीटर लिहिले, कोणाची दोरी, कोणाचे हात तेही लिहिलं, आणि त्याखाली ती चार माणसं. सासऱ्यांच्या सगळ्या जुन्या नोंदींपुढे एक पंचाहत्तरने गुणून मीटर मांडायला तीन संध्याकाळी गेल्या, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी फार सुखाच्या गेल्या. मोटरने विहिरीला काहीच होत नाही, असं मात्र मी लिहिलेलं नाही. ती जेमतेम एक हंगाम चालली आणि दोन्ही वर्षं पाऊसही बरा झाला. त्यामुळे अजून फरक दिसलेला नाही, इतकंच म्हणता येतं. हे मी भावजींनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरा, आता दर म्हयन्याक मोजूया." म्हणून आता मीटरवर गाठी मारलेली एक दोरी विहिरीवरच टांगलेली असते, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी मिळून मोजतो, आणि मी आकडा वाचला की वहिनी "पुन्यांदा सोड" म्हणतात. तीनदा सोडायला लावतात. सकाळी सहाला मोटर चालू होते. आवाज अजून आवडत नाही, पण मी उठून चहा ठेवते. परवा वहिनींनी नव्या कोकम सोलांची बरणी पाठवली.

एक राहिलं. वहिनींना त्या दुपारी मी "काल मोजल्यार कळला" असं सांगितलं. काल नव्हतं ते, सर. ते गृहस्थ येऊन गेल्याला सोळा दिवस झाले होते. सोळा दिवस मी रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी काम काढत होते. त्यातल्या एका सकाळी वहिनींकडे उतरलेली एक बाई भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून, दर चार पावलांवर खाली टेकवत खोलीकडे चालली होती. माझ्याकडे बघून ती हसली आणि मीही हसले. वहीत तारीख बरोबर आहे, ज्या दिवशी मोजलं त्याच दिवसाची. वहिनी वही कधी उघडत नाहीत, हे मला ठाऊक आहे.