मैना, आज मी माती खाल्लेली सांगितली

प्रिय मैना,

आज लिहायला बसले, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगावीशी वाटत नाही. मला पुन्हा दिवस गेलेत. पाचवा चालू आहे. आणि या खेपेला मला मातीचे डोहाळे लागलेत. हसलीस ना?

नांदेडच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, त्या खिडकीसमोरच्या बाकावर मागच्या खेपेला आपली गाठ पडली. तू धर्माबादची, मिरच्यांचे देठ खुडणारी, मी नायगावची. दोघींचीही पोटं पुढं आलेली. "तुला पन तेच हाय का?" तू विचारलंस, आणि मी हो म्हणायच्या आत सरकून जागा दिलीस. माहेरीसुद्धा मला कुणी इतकं जवळ बसवून घेतलं नव्हतं गं.

गोळ्या तू कधी चुकवल्या नाहीस. उलट मलाच दटावायचीस. तरी तुझे ओठ पांढरे पडत गेले, दोन पायऱ्या चढलीस की धाप लागायची. घरचे म्हणायचे, तो आजारच तसा. मलाही तेच वाटायचं. मोठा रोग एकदा नावाला चिकटला की साधी सर्दीही त्याच्याच माथी मारतात.

मग एकदा तू पदराची गाठ सोडलीस. आत बांधावरची माती! "खाऊन तर बघ, लई भारी लागती." जंत पडतात, हेही हळूच सांगितलंस. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाल. तर म्हणे, "न्हाई बाई. एचआयव्ही म्हनलं तर गोळ्या देतेत. माती म्हनलं तर हसतीन."

किती वेडी गं तू? ज्या आजाराचं नाव घ्यायला लोकांची जीभ अडखळते, तो खुशाल सांगितलास आणि जंतांना लाजलीस.

बाळंतपणात रक्त गेलं, आणि ते सोसायला अंगात मुळात रक्त नव्हतंच. लेक वाचली, तू गेलीस. तिच्या तपासण्या चांगल्या आल्या, मैना. तिला आजार नाही. हे ऐकायला तू हवी होतीस.

आज सांगायची वेळ माझ्यावर आली. आपल्याकडे कुणी घोळ घातला की 'माती खाल्ली' म्हणतात, तेच शब्द स्वतःच्या तोंडून काढायचे! तरी म्हणाले, "म्याडम, मी माती खाऊन राहिले." बाई हसल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. जंत रक्त पितात, रक्त कमी झालं की मातीची ओढ लागते, आणि मातीतून पुन्हा जंत. मोठ्या आजाराशी लढायची ताकद या किड्यांशी झुंजण्यात खर्च होते. शी तपासली, त्यात जंत निघाले. एक गोळी दिली, ती त्यांच्यासमोरच चावून खाल्ली. गोड लागली.

एवढंच होतं बघ.

बाहेर येऊन बाकावर टेकले. तुला सांगायला वळले तर शेजारी कुणी अनोळखी पोर, पोटुशी, ओठ पांढरेफटक. विचारलं, "माती खातीस का?" तिनं पदराची गाठ मुठीत लपवली आणि उठून गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारीन आणि हाताला धरून आत नेईन.

आणि मी नीट बाळंत होईन, हे तुला वचन. बाळ झालं की पहिला फोन तुझ्या लेकीला. ती "मावशी" म्हणते तेव्हा हुबेहूब तुझा आवाज येतो. तो ऐकायला तरी मी जगणार आहे.

तुझीच,
सुनंदा