दोष सायकलमध्येच आहे

४ जानेवारी, रविवार
स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: टाकी भरली की वाजणारा अलार्म. घरघंटीचा चाकवाला स्टँड. बाल्कनीतलं घडीचं टेबल. लाइट गेल्यावर आपोआप लागणारा देव्हाऱ्यातला दिवा. उत्तराच्या शिलाई मशीनला बसवलेली मोटर (जरा जोरात पळते). कुठला क्लास केला नाही. आयटीआयचं गेट आतून पाहिलेलं नाही.
पुढचं काम: माझं शरीर.
वय त्रेपन्न. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दम लागतो. आज जिना मोजला. दुसऱ्या मजल्यानंतर प्रत्येक पायरी अर्धा इंच उंच. बिल्डरचा गाढवपणा. तरी वजन कमी करायला हरकत नाही. निर्णय: सायकल. शाळेत असताना शहाडहून कल्याणला रोज सायकलने जायचो. माघी गणपतीला टिटवाळ्यापर्यंत सायकलनेच जाणार.
उत्तरा म्हणाली, अहो, आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, तुमचे दादा गेले तेव्हा त्रेपन्नचेच होते. दादाला साधं पंक्चर काढता येत नव्हतं. तुलना नको.

७ जानेवारी, बुधवार
ऑफिसातून परस्पर कल्याणला, कमलेशच्या सायकलच्या दुकानात. बजेट आठ हजार. तो म्हणाला, काका, जाड टायर आणि पुढचं सस्पेन्शन दिसायला भारी, पण डांबरी रस्त्यावर ते ओझं तुम्हालाच ओढायचंय. साधी, पातळ टायरची घ्या, आठात बसवतो. आणि आधी चौकापर्यंत चालवून बघा, मग बोलू. मी त्याला मागच्या चाकाच्या स्पोकची संख्या विचारली. बरोबर सांगितली. तरी निघून आलो. न विचारता शिकवणारा माणूस काहीतरी खपवत असतो.

१० जानेवारी, शनिवार
मोहन्यात सेकंडहँड मिळाली. जाड टायर, पुढे सस्पेन्शन, सात गिअर. मालक पाच हजारांवर अडलेला, चार हजार दोनशेला आणला. वजन अठरा किलो. घरच्या काट्यावर आधी मी एकटा, मग सायकल उचलून मी. दुसऱ्या वेळी थोडं खाली बसावं लागलं. क्षिप्रा म्हणाली, बाबा, हा रणगाडा आहे. मजबूत आहे असं तिला म्हणायचं असावं.

१२ जानेवारी, सोमवार, सकाळी ६.४०
पहिली राइड. शहाडच्या पुलाच्या चढावर छातीच्या मधोमध दाब. कोणीतरी भरलेला सिलिंडर ठेवल्यासारखा. उतरलो. दोन मिनिटांत गेला. परत बसलो, परत आला. उतरलो, गेला.
निष्कर्ष: चालवली की दाब, उतरलं की बंद. म्हणजे दोष सायकलमध्ये आहे. हँडल खाली असल्यामुळे बरगड्या मिटतात.
संध्याकाळी नळाचा तुकडा घालून हँडल दोन इंच वर घेतलं. एकदम फिट.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत
दाब किंचित कमी. पण डाव्या खांद्यापासून करंगळीपर्यंत मुंग्या. डावी ग्रिप निकृष्ट. बदलली. तिळाचे लाडू दोनच खाल्ले. वड्या वेगळ्या.

१७ जानेवारी, शनिवार
आज जबडा. टायरमध्ये हवा जास्त, त्यामुळे हादरे दातांपर्यंत पोचतात. हवा कमी केली. सायकल आणखी जड चालायला लागली.
क्षिप्रा मोबाइलवरचं वाचून दाखवायला लागली. छाती, डावा हात, जबडा, सगळं क्रमाने. मी म्हटलं, नेटवर कोणीही काहीही लिहितं. ती रडली. या पिढीला मेकॅनिकलची आवडच नाही.

१८ जानेवारी, रविवार
शास्त्रीय पडताळणी. कमलेशची ती साधी सायकल ट्रायलला घेतली. हलकी आहे, मान्य. दुर्गाडीच्या चढावर तोच दाब, त्याच जागी.
दोन वेगळ्या कंपन्या, एकच दोष. म्हणजे अख्ख्या धंद्याचंच माप चुकलेलं आहे. तसं कमलेशला सांगितलं. तरी हलकी म्हणून विकत घ्यायला निघालो, तर तो पैसेच घेईना. म्हणाला, काका, जानेवारी आहे, पंखा चालू आहे आणि तुमचा शर्ट पिळून निघेल. आधी दाखवून या, सायकल तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, कुठे पळत नाही ती. आलेल्या गिऱ्हाइकाला माल नाकारतो. म्हणजे दोष त्यालाही माहीत आहे.

२० जानेवारी, मंगळवार
दुपारी ऑफिसात खुर्चीत बसलेलो. दाब आला. सायकल घरी, पार्किंगमध्ये.
थोडा वेळ कारण सापडेना. मग सापडलं: शरीराला चुकीच्या बैठकीची सवय लागलीय. हँडल आणखी वर घ्यावं लागेल.
उत्तराला सांगितलं नाही. जेवताना ती नुसती माझ्या हाताकडे बघत होती.

२२ जानेवारी, गुरुवार, माघी गणपती
सकाळी निघालो. उत्तरा रिक्षा करून मागे. रिक्षा आमच्या नाक्यावरच्या दौलतची. मी वळून म्हटलं, एवढं हळूहळू मागे येऊ नका, अंत्ययात्रा वाटते. उत्तराचा चेहरा पांढरा पडला. हिला विनोद कळत नाही.
मोहन्याच्या अलीकडे हँडलचा नळ फिरला. माझं डिझाइन बरोबर होतं, नळ हलका निघाला. उतरलो. या वेळी दोन मिनिटांत थांबलं नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. दौलत म्हणाला, दादा, बसा आता रिक्षात, बाप्पा काय गिअर मोजत नाय. सायकल मागे बांधली. टिटवाळा राहिलं.
सोसायटीच्या गणेश मंडळाच्या मंडपात आरोग्य शिबिर होतं. उत्तराने दंडाला धरून नेलं. डॉक्टर क्षिप्राच्याच वयाची. कार्डिओग्रामची पट्टी तिने पाहिली, परत पाहिली, आणि विचारलं, घरी कोण कोण असतं. मी पट्टी मागून घेतली. रेघा वाकड्या होत्या. मशीनचं अर्थिंग तपासा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, काका, अर्थिंग मी बघते, तुम्ही आत्ता गाडीत बसा. उत्तराने सगळ्यांसमोर हात जोडले. डॉक्टरला नाही, मला.
घरी आलो. जिना चढताना तीनदा थांबलो. पायऱ्यांचं मी लिहिलेलंच आहे.
हँडल उद्या वर घेईन. आज डाव्या हातात पाना धरवत नाही. उत्तरा आणि क्षिप्रा दारात चपला घालून उभ्या आहेत. कोणाची वाट बघतायत, सांगत नाहीत.
नोंद राहावी म्हणून लिहितो. नाकारलेली ऑफर: अँब्युलन्स, अँजिओग्राफी आणि गरज पडली तर पुढचं सगळं, मंडळाच्या फंडातून. मला भरायची रक्कम: शून्य रुपये.