मधुकरचे शंभर

३ जानेवारी १९९८, सांगली.
मुलाने पुण्याहून ब्रिक गेम आणला. तळहाताएवढे यंत्र, वरून ठोकळे पडतात, ते बसवून ओळी पूर्ण करायच्या. साताऱ्याचा माझा शाळासोबती मधुकर, सैन्यातून निवृत्त झालेला सुभेदार, त्याच्याकडेही हेच आहे. गोट्या, विटीदांडू, कॅरम. शाळेपासून त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मी त्याच्याकडून केवळ हरलो. कारण उघड आहे. ते खेळ हाताचे होते. हा बुद्धीचा, आणि मी तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. या खेपेस जिंकणार. आकडे पोस्टकार्डाने कळवायचे ठरले.

११ जानेवारी.
२,१००. चष्मा घसरला. घसरला नसता तर ४,००० निश्चित. जे निश्चित, ते घडलेच असे मानण्यास हरकत नसावी. ४,००० कळवले.

१९ जानेवारी.
उत्तर आले : '४,१००. लय सोपं हाय गड्या.' अक्षर नातीचे, मयूरीचे. सुभेदार लेखनिक ठेवतात!

२ फेब्रुवारी.
१,९००. शरयूने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली. हाका वगळता ६,०००. कळवले.

१० फेब्रुवारी.
त्याचे ६,१००.

१ मार्च.
मी ९,००० कळवले होते. त्याचे ९,१००. शरयू म्हणाली, 'अहो, दर वेळी बरोबर शंभरच जास्त? तुम्हाला काहीच खटकत नाही?' तिला सैन्याची शिस्त ठाऊक नाही.

८ एप्रिल.
मधुकरचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. मिरजेला भेटून आलो. डोळ्यांवर पट्टी. हसत म्हणाला, 'आरं, दोन वर्सं ताटातली भाकरी दिसंना, ठोकळे कुठनं दिसत्याल? मयूरी तुझं कार्ड वाचायची, मी म्हणायचो, शंभर वाढवून लिही. खरा तूच जिंकलास रं. नऊ हजार! सलाम.' आणि शेजारच्या खाटेच्या दिशेने कडक सलाम ठोकला.
मी खरे सांगणारच होतो. भेटीची वेळ संपण्यास पस्तीस मिनिटेच उरली होती.

२० मे.
कार्ड. अक्षर त्याचे स्वतःचे. 'आता झ्याक दिसतंय. चार दिवस खेळतोय, दोन हजार तीनशेच्या म्होरं जाईना. नऊ हजार कसं काढतोस ते बघाय रविवारी येतो.'

२३ मे.
सकाळपासून सराव. सर्वोत्तम १,७५०. बोटे सुजली. यंत्र सुरूच न होणे हा एकमेव तर्कशुद्ध मार्ग. सेल काढून रेडिओत घातले.

२४ मे, रविवार.
मधुकर आला. येताना नवे सेल घेऊन आला.
तीन डाव. १,४००, ९००, तिसरा लिहीत नाही.
त्याने चहा घेतला. सलाम केला नाही. दारात चपला घालताना शरयूला म्हणाला, 'वैनी, शाळंत गोट्या हरला की ह्यो म्हणायचा, वारा हुता.'
शरयू हसली. दोघेही बराच वेळ हसत होते.
त्या दिवशी वारा खरोखरच होता.