नाल्यापाशी न जुळणारे थर

तळोदा, फेब्रुवारी १९६६
शनिवार, संध्याकाळ

मुंबईच्या गणकयंत्राचं उत्तर सकाळी आलं. आम्ही मोजलेले सातपुड्याच्या खडकांचे उतार आणि भेगा त्याला दिल्या होत्या. कललेले थर गणितानं मागे फिरवून पूर्वीसारखे आडवे करायचे होते. बाकी सगळे जुळले, पण नाल्यापाशी दोन थर एकमेकांत घुसतात. दगडात दगड कसा घुसेल?

"यंत्र चुकलंय, बाई. तेवढा भाग हातानं जुळवून टाका," आमचे वरिष्ठ जोशीसाहेब म्हणाले.

यंत्र चुकलं, की एखादी भेग आमच्याकडूनच राहिली? धरणाची भिंत त्याच नाल्यावर उभी राहायची आहे. भेग असली तर पाणी खालून निघून जाईल. मग हातानं काय जुळवू?

दुपारी नाल्याकडे जायला जीप काढायला लावली. पायथ्याशी ड्रायव्हर सुकलालभाऊंनी ती थांबवली. "ताई, जीप आठून फुडे जावाव नही. पायी जानं पडी."

गेले. काटेरी झुडपं बाजूला सारली, तर मागे खडकाची गुळगुळीत भिंत, आणि तिच्यावर एकाच दिशेनं गेलेले ओरखडे. डोंगर इथेच तुटून घासत सरकलाय. दगडात दगड घुसत होता तो यामुळे!

परत येऊन साहेबांना सांगितलं. "धरणाची जागा ठरलीय," एवढंच बोलले.

ठरली असेल. सोमवारी ही भेग धरून आकडे पुन्हा मुंबईला पाठवते. या वेळी थर नीट जुळले, की जागा बदला असं अहवालात स्पष्ट लिहीन. साहेबांनी ते वाक्य खोडलं, तर त्या अहवालाखाली माझी सही नसेल.