मुकादमाची जागा

तीर्थरूप आत्या,

तुला नमस्कार (कागदावरूनच घालतो, समोर आलो की मी वाकायच्या आत तू "जेवलास का?" विचारतेस आणि नमस्कार राहून जातो). गुडघे काय म्हणतात? मी ठणठणीत आहे. घर महिनाअखेर सोडायचं आणि त्यानंतर तुझं "बघू कुठेतरी", असं तू लिहिलंस, ते मला अजिबात आवडलेलं नाही. त्यावरून भांडायचंच आहे, पण आधी माझं रडगाणं ऐक.

माझं संशोधन म्हणजे, जो संगणक अजून कुणी बनवलाच नाही त्याचं सोंग माझा संगणक आणतो. याला सिम्युलेटर म्हणतात. (शेजारच्या काकूंनी विचारलं तर "तो न बांधलेल्या घरात भाडेकरू ठेवून बघतो" असं सांग.) सोंग फार सावकाश चालतं. खऱ्या यंत्राचं डोळ्याचं पातं लवेपर्यंतचं काम इथे सकाळी लावावं, तर दिवेलागणीपर्यंत रेंगाळतं. त्यात माझा प्रोग्रॅम चौघांनी वाटून घ्यायचा. या चौघांना थ्रेड म्हणतात, तू कामगार म्हण. चार कामगार म्हणून मी यंत्रात चार कोअर, म्हणजे बसायच्या चार जागा, ठेवल्या. हिशेब चोख! आणि प्रोग्रॅम जो ढिम्म बसला तो हलेचना. तिघांनी काम उरकलं आणि चौथ्याची वाट बघत राहिले. चौथ्याचा पत्ता नाही. मी आधी प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग मेमरीवर, मग विजेवर, शेवटी खिडकीशी बसणाऱ्या बिचाऱ्या सहकाऱ्यावर (त्याच्याशी अजून अबोला आहे, चूक त्याची नव्हती).

शेवटी आमच्या प्रयोगशाळेतली आक्का (वयाने माझ्याहून लहान, रुबाबाने तुझ्याएवढी) पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे, या चौघांना काम वाटून देणारा कुठे बसलाय?" झालं! काम वाटणारा मुकादम, तोही एक थ्रेडच, पहिली जागा त्याने घेतली होती. खऱ्या संगणकात "जरा सरकून घ्या" म्हणणारं कुणीतरी असतं, आळीपाळीने बसता येतं. माझ्या सोंगात तसं कुणी नाही. जागा नाही तो दाराबाहेर. पाचवी जागा केली आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला. मी खूप हसलो आणि मग तू आठवलीस. सगळ्यांना वाटून देणारीला मोजायचं विसरण्याची सवय आपल्या घरात कुणी लावली, ते तुला सांगायला नको. तू स्वतःच लावलीस.

दादाला, ताईला आशीर्वाद दे, माझ्या वाटचे ठेवून.

तुझा,
धाकटा

ता. क. : एवढं करून निकाल असा, की माझा न बनलेला संगणक जुन्याहून हळू आहे. सर म्हणाले, "छान! म्हणजे बनवायला नको."

ता. क. दुसरा : पत्राचं खरं कारण हे. दादाने सामानाची वाटणी कळवली. कपाट ताईकडे, पुस्तकं त्याच्याकडे, तुझं शिलाई मशीन माझ्याकडे. मला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही. तरी मी दोन खोल्यांची जागा घेतली आहे, उजेडाची खोली मशीनला. पण चालवणारी बरोबर आली नाही, तर मी मशीन उतरवून घेणार नाही. गाडीवाल्याला तसं आधीच सांगून ठेवलंय.