दोन जीप, एक ट्रान्सफर

॥ श्री ॥
केडगाव,
११ फेब्रुवारी १९७३

चि. भागिरथीस रंभाजीदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही खुशाल आहोत. तुझी वहिनी ऊठसूट तुझी आठवण काढते. उचक्या लागत असतील तर दोष तिचा, माझा नाही.

इकडे उन्हाळ्याआधीच विहिरींनी तळ दाखवला. आपल्या मळ्यातल्या विहिरीला तेवढे पाणी आहे, म्हणून जीपमध्ये पिंपं भरून मी डोंगरावरच्या वस्तीला पोचवीत होतो. परवा ऐन चढावर खाडकन आवाज झाला आणि जीप पिंपांसकट मागे घसरू लागली. चाकाला दगड लागला म्हणून वाचलो. मच्छिंद्र मिस्तरी गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला की, दादा, ट्रान्सफरचे दात गेले. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला हा लोखंडी डबा पुढच्या चाकांनाही ओढ देतो. तो नसला की भरली जीप चढ चढत नाही. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी. तिला नवा डबा मिळायचा कुठून?

भागू, लिहू की नको असे दोन दिवस चालले होते. पुंजारामराव गेल्यापासून त्यांची तसलीच जीप तुझ्या पडवीत झाकून आहे. तिला कोणी हात लावलेला तुला खपत नाही, हे जाणून आहे. तिचा ट्रान्सफर देशील का? नाही म्हणालीस तरी माझी माया तसूभर कमी व्हायची नाही.

तुझा,
रंभाजीदादा

॥ श्री ॥
नेवासा,
१७ फेब्रुवारी १९७३

ती. दादास भागिरथीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. चढावरचे वाचले. या वयात डोंगराशी कुस्ती कशाला खेळतोस? वहिनीच्या उचक्या पोचल्या म्हणून सांग.

दादा, तू आजवर माझ्याकडे काही मागितले नाहीस, आणि मागितलेस ते नेमके हेच. यांना शेवटचे नगरच्या दवाखान्यात नेले ते याच जीपमधून. डोके माझ्या मांडीवर होते. घोडेगावच्या पुढे डोळे उघडून म्हणाले होते की, गाडी लई झ्याक चालली. त्यानंतर बोलले नाहीत. मी रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकते. लोक हसतात, हसू देत. पण ती उघडून तिच्या पोटातले काही काढायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

रागावलास तरी पत्र लिहीत जा. तेवढे तोडू नकोस.

तुझी धाकटी,
भागिरथी

॥ श्री ॥
केडगाव,
२४ फेब्रुवारी १९७३

चि. भागूस आशीर्वाद. वि. वि. वेडे, रागावू कशाला? मागितले हीच माझी चूक. आता त्याचे नाव काढायचे नाही.

आता बैलगाडीने डोंगराच्या पायथ्यापर्यंत पाणी नेतो. तिथून वस्तीच्या बाया डोक्यावर हंडे नेतात. त्यात साळूबाई आहे, सातवा महिना भरलेली. वहिनीने तिला दटावले, तर म्हणाली की, बसून राहिले तर घरात पाणी कोन आननार? काल उतारावर तिचा पाय सरकला. हंडा गेला, ती वाचली.

वहिनीने कुरडया केल्या आहेत. यष्टीने येणारे कोणी भेटले की धाडतो. प्रकृतीला जप.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
नेवासा,
१ मार्च १९७३

ती. दादास नमस्कार. वि. वि. साळूबाईचे तू मुद्दाम लिहिलेस. तुला मी लहानपणापासून ओळखते. आणि मुद्दाम लिहिले नसशील, तर मग मी फारच वाईट बहीण.

रात्रभर विचार केला. हे असते तर माझ्या परवानगीला थांबले नसते. स्वतःच पाना घेऊन गाडीखाली शिरले असते आणि जेवायला हाका मारून माझा घसा बसला असता. मच्छिंद्रला घेऊन ये. पहिला बोल्ट मात्र मी सोडवीन. कुरडया येताना आण, यष्टीवर विसंबू नकोस.

तुझी,
भागिरथी

॥ श्री ॥
केडगाव,
१२ मार्च १९७३

चि. भागूस अनेक आशीर्वाद. वि. वि. त्या दिवशी बोल्ट गंजून घट्ट बसला होता, पण तो सुटेपर्यंत तू पाना कुणाला दिला नाहीस.

ट्रान्सफर बसला. ऑईल थेंब थेंब गळते. मच्छिंद्र म्हणतो की, जीप हाय दादा, गळनारच. भरली पिंपं घेऊन काल वस्तीवर गेलो. चढ कधी संपला कळले नाही. साळूबाईने दारात बसून हंडा भरून घेतला आणि देणाऱ्या ताईला दंडवत सांगा म्हणाली.

आणखी एक. संध्याकाळी गाडी अंगणात वळली, तेव्हा वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच हाक मारून म्हणाली की, पाव्हने आले, च्या टाकते. ट्रान्सफरचा तो घुमणारा आवाज माझ्या गाडीचा नव्हता, पुंजारामरावांच्या गाडीचा होता. बाहेर येऊन तिने मला पाहिले आणि मग टाकलेला चहा आम्ही दोघांनी गाडीपाशीच उभ्याने घेतला.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
नेवासा,
१७ मार्च १९७३

ती. दादास व वहिनीस नमस्कार. वि. वि. पत्र वाचले आणि पदराने तोंड झाकून बसले. मग उठून पिशवी भरली. चार दिवस माहेरपणाला येते; साळूबाईसाठी डिंकाचे लाडू केले आहेत.

न्यायला ये, आणि जीप घेऊनच ये. गल्लीत आलास की हॉर्न वाजवू नकोस, दादा. मी दारातच उभी असेन. आवाजावरून ओळखीन.

तुम्हा दोघांची,
भागिरथी