माल खरा होता

आर्वी,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. भूपेंद्र यास आईचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. आचललेही सांगजो.

इकडे सारे खुशाल हाय असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं समज. फोनवर बोलता येत नाई. तुहे बाबूजी बाजूच्याच खाटेवर असतात अन् कान त्यायचे अजून शाबूत हायेत.

थंडी पडली. कापूस निघाला. बाजारात गाड्यांची रांग लागून राह्यली, पण आपल्या दारी आता कोणी नमुना घेऊन येत नाई. आधी कसं, बोली लागायच्या आधी लोक बाबूजीच्या बोटांकडे पाहत. ते डोळे मिटून चिमूट ओढत, अंगठ्यावर घासत अन् म्हणत, "चांगला हाय." बस्स. पुढं कोणी तोंड उघडत नव्हतं.

त्याच बोटांनी घात केला म्हणते गाव. मले नाई पटत. तो सेल्युलोज कंपनीचा माणूस शेअर विकायले आलता, आठवते ना? सरकीवर जी बारीक लव राह्यते, तिची पांढरी भुकटी करतात, अन् ती औषधाच्या गोळ्यांत, रंगात, कुठं कुठं जाते म्हणे. आपल्या आर्वीची सरकी साऱ्या दुनियेत जाईन, हे ऐकूनच बाबूजी हरखले. तू म्हणत होता, "कंपनीचे कागद पाहा, कारखाना पाहून या." यायनं भुकटी चोळली, जिभेवर ठेवली. "कागद तू पाह. मी माल पाहतो." अन् तुले चार माणसांत नादान म्हणले. तेव्हापासून तू दारात पाय ठेवला नाई.

माल खरा होता रे! दुसऱ्याच कारखान्यातून आणलता, एवढंच. या कंपनीचा कारखाना म्हणजे नुसती टिनाची शेड अन् दारावर बोर्ड. बोटांले माल समजते, माणूस कसा समजीन?

आपले पैसे बुडाले त्याचं मी रडत नाई. पण बाबूजीनं शेअर घेतले म्हणून शेजारच्या सुलोचनाबाईनं शिलाईच्या कमाईतून घेतले, जिनिंगमधल्या लहानूनं घेतले. ते भांडायले आले असते तर बरं झालं असतं. सुलोचनाबाई येते अन् म्हणते, "सेठजी, तुमचा हात चुकत नाई. कंपनी उभी राहीन, पाहजा." ती गेली का हे भिंतीकडे तोंड करून पडतात.

आता किती वेळ इकडचं तिकडचं लिहू?

मेडिकलवाल्या अंकुशनं एक दिवस सहज सांगतलं, का याच भुकटीत औषध मिसळून गोळी बांधतात. बिचाऱ्याले काय माहीत! बाबूजीनं बीपीची गोळी बोटांनी चुरली, चोळली. "हाच तो माल," म्हणले. "सुलोचनाबाईची शिलाई मी गिळू काय?" त्या दिवसापासून गोळी बंद. मी हात जोडले, रडली, वाट्टेल ते बोलली. शेवटी बारीक करून वरणात घातली. भात कालवता कालवता यायची बोटं थांबली. "कौशल्या, वरणात काय हाय?" अन् ताट सरकवलं. फोनवर मी तुले "तब्येत चांगली हाय" म्हणत होती ना, तेव्हा हे चालू होतं.

भाऊबीजेच्या सकाळी यायच्या हातून चहाचा कप पडला. हसले. दुसरा भरून दिला, तो बी पडला. वर्ध्याले नेलं, औषधपाणी केलं, घरी आणलं. लकव्यानं उजवा हात गेला, भूपेंद्र. तुले फोन लावत होती तर म्हणले, "राहू दे. नादान मी होतो, हे त्याले असा हात दाखवून सांगू काय?"

काल लहानू आला. मुद्दाम नवा कापूस घेऊन आला. "सेठजी, पाहा ना कसा हाय." मी तो त्यायच्या उजव्या हातात ठेवला, बोटं मीच मिटवली. नेहमीसारखे डोळे मिटून बसले. जरा वेळानं म्हणले, "ठेव ना हातात."

मी ठेवलाच होता रे.

गोळीची आता चिंता नाई. घास मीच भरवते, त्यायची बोटं वरणाले लागत नाईत. रोज गोळी पोटात जाऊन राह्यली. डॉक्टर म्हणतात, बीपी एकदम बरोबर हाय.

येजो. काही बोलू नको, जुनं काढू नको. फक्त उजव्या बाजूले बसू नको. डावा हात धरजो, त्या हाताले अजून समजते.

तुही,
आई